पाती फिरली म्हणून भट्टी विझत नाही

छोट्या देशांना आणि छोट्या प्रदेशांना हल्ली एक सल्ला फार सढळपणे दिला जातो. स्वच्छ तंत्रज्ञानाला अनुदान द्या, करसवलत द्या, जमीन द्या. ते वाढेल, स्वस्त होईल आणि मग धूर ओकणारे, नदी नासवणारे जुने उद्योग बाजारात तग न धरता आपोआप आटोपतील. बंद करण्याची भाषा मात्र कोणी काढू नये. कामगार बिथरतात, गुंतवणूकदार पाठ फिरवतात आणि निवडणूक तर कायमच दारात उभी असते. हा सल्ला विकास बँकांच्या अहवालांत सापडतो, मंत्रालयातल्या टिपणांत सापडतो आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतल्या अध्यक्षीय भाषणातही सापडतो. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी एका सुरात बोलू लागली की तो सूर जरा तपासून पाहावा लागतो.

पूर्वपक्ष मांडायचा तर त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. सौर पॅनेलच्या किमती गेल्या दीड दशकात कोसळल्या, हे खरे आहे. उरुग्वेसारख्या चिमुकल्या देशाने २००८ मध्ये ऊर्जा धोरण आखले आणि दहा वर्षांच्या आत त्याची जवळजवळ सगळी वीज वारा, पाणी, ऊन आणि जैवभार यांतून येऊ लागली. तेवढ्यासाठी तिथे कुठल्या खाणीला टाळे ठोकावे लागले नाही, हेही खरे. श्रीमंत देशांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून घरे भरली आणि आता त्याचा हिशेब चुकता करायला गरिबांच्या पोरांनी रोजगार सोडावा, हे अन्यायाचे आहे, हा तिसरा मुद्दा तर बिनतोडच म्हणावा लागेल. तरीही या तिन्हींतून ‘जुने आपोआप जाईल’ हा निष्कर्ष निघत नाही. उरुग्वेत बंद करायला स्वतःची खाण किंवा तेलविहीर नव्हतीच. बाहेरून आणलेले तेल कमी झाले म्हणून तिथे कोणाची चूल विझली नाही, आणि म्हणूनच तिथे कोणी आडवेही आले नाही. ज्या देशात धुरावर जगणारे मालक, मजूर, वाहतूकदार आणि आमदार आहेत, त्याला उरुग्वेचे उदाहरण लागू पडत नाही.

हे मत घासून पाहण्यासाठी मी जत तालुका घेतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा तालुका क्षेत्रफळाने सव्वादोन हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे मॉरिशस या सार्वभौम राष्ट्राहून किंचित मोठाच. डफळे घराण्याचे संस्थान म्हणून १९४८ पर्यंत त्याला स्वतःचा दरबारही होता. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. बाजरी, ज्वारी, डाळिंब, थोडी द्राक्षे, आणि माळावर माडग्याळच्या बाकदार नाकाच्या मेंढ्या. उमदी, संख, तिकोंडी, गुड्डापूर या पट्ट्यात कानडी आणि मराठी एकाच ओसरीवर बोलली जाते. धुराडी इथे जवळजवळ नाहीत. वारा आणि ऊन मात्र मुबलक आहे, आणि म्हणूनच स्वच्छ तंत्रज्ञानाला दिलेल्या मदतीने काय घडते आणि काय घडत नाही, हे इथे निर्भेळपणे दिसते.

आधी पवनचक्क्या आल्या. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारांवरून सुरू झालेली ही लाट कवठेमहांकाळच्या ढालगावमार्गे जतच्या माळांवर पोहोचली. ती वाऱ्याने आणली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; ती प्राप्तिकराच्या कलमांनी आणली. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ऐंशी टक्के घसारा दाखवता येत असे. ज्यांचा विजेशी काडीचाही संबंध नव्हता अशा कापड, औषध आणि बांधकाम व्यवसायातल्या नफेदार कंपन्यांनी मार्चअखेरीस नफा झाकण्यासाठी चक्क्या विकत घेतल्या. महाराष्ट्राने त्यावर विक्रीकराची सवलत चढवली. राज्य वीज नियामक आयोगाने २००३ च्या आदेशात नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दर वर्षी पंधरा पैशांची वाढ, असा तेरा वर्षांचा दर बांधून दिला. एप्रिल २०१२ पासून केंद्राने घसाऱ्याची सवलत काढली, त्याच सुमारास उत्पादनाधारित प्रोत्साहनही थांबले, आणि देशभर वर्षाला सुमारे ३२०० मेगावॅट उभी राहणारी पवनऊर्जा पुढच्याच वर्षी १७०० वर आली. वारा तेवढाच वाहत होता. २०१४ च्या अर्थसंकल्पात सवलत परत आली.

या सगळ्या काळात कोळशाचे काय झाले? जतला लागून असलेल्या विजयपूर जिल्ह्यातच त्याचे उत्तर उभे आहे. बसवन बागेवाडीजवळ कुडगी इथे एनटीपीसीने ८०० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे २४०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र त्याच दशकात बांधले. त्याला पाणी मिळते आलमट्टीच्या जलाशयातून, म्हणजे जी कृष्णा सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळच्या बंधाऱ्यावरून पुढे जाते तिचेच. स्थानिक शेतकऱ्यांनी विरोध केला, आंदोलने झाली, तरी केंद्र झाले. जतच्या माळावर पाती फिरत होती आणि शेजारच्या जिल्ह्यात चिमणी चढत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा, असे दिल्ली, मुंबई किंवा बंगळुरूच्या एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. इकडे सवलत देणारा विभाग वेगळा, तिकडे कोळशाला परवानगी देणारा वेगळा, आणि ‘एवढी पवनऊर्जा आली, म्हणून एवढा कोळसा थांबवला’ असे म्हणण्याची जबाबदारी दोघांपैकी कोणाचीच नाही.

यावर एक जबाब ठरलेला असतो: पवनचक्क्या नसत्या तर कोळसा आणखी वाढला असता. असेलही. पण मग दावा ‘आपोआप आटोपतील’ असा न राहता ‘जरा कमी वाढतील’ एवढाच उरतो, आणि ज्याच्या जोरावर बंदीची चर्चा टाळली गेली तो मोठा दावा गुपचूप मागे घेतला जातो. न्यायशास्त्रात याला प्रतिज्ञाहानी म्हणतात, आणि वादात ते पराभवाचे स्थान मानले आहे.

इथवर झाले ते फार तर निष्फळतेचे. पुढचा भाग त्याहून गंभीर आहे, कारण त्यात स्वच्छ तंत्रज्ञानाची मदत जुन्या प्रदूषणाला थेट खतपाणी घालते.

जतचे सगळे राजकारण पाण्याभोवती फिरते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तालुक्यातल्या चाळीसेक गावांवर हक्क सांगितला. त्यापाठोपाठ तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी सीमेपलीकडून तिकोंडीकडे आले आणि विस्तारित म्हैसाळ योजनेचे घोडे मुंबईत एकदम उधळले. म्हैसाळ योजना म्हणजे मिरज तालुक्यात कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पूर्वेच्या उंचावर चढवणारे पंप. पाणी चढते म्हणजे वीज जळते. पूर्वी थकबाकीपोटी पंप बंद पडत आणि कालवे कोरडे राहत. आता विजेच्या बिलातले ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी, अशी वाटणी आहे. सरकारचा हा बोजा हलका करण्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून जत तालुक्यातच सौर प्रकल्प उभारून हे पंप चालवण्याचे ठरले आहे. दुष्काळी तालुक्यातल्या उन्हाने त्याच तालुक्याचे पाणी उचलावे, ही कल्पना मला मनापासून पटते. तिला विरोध करण्याचा प्रश्नच नाही.

पण पश्चिम महाराष्ट्राचा सत्तर वर्षांचा अनुभव असा की जिथे कालवा जातो तिथे ऊस जातो. अठरा महिने शेतात उभा राहणारा आडसाली ऊस हा शेतकऱ्याला वेडेपणाचा वाटत नाही. हमखास उचल होणारे, दर ठरलेले, गारपिटीत डाळिंबासारखे उद्ध्वस्त न होणारे ते पीक आहे. उसामागे कारखाना येतो आणि कारखान्यामागे डिस्टिलरी. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी, उष्ण, आम्लधर्मी सांडपाणी निघते. कागदावर त्याचा थेंबही बाहेर जाऊ नये असा नियम आहे. प्रत्यक्षात पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री नदीकाठी राहणाऱ्यांना काय दिसते ते सांगलीकराला सांगावे लागत नाही. पाण्याचा रंग चहासारखा होतो, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मासे तोंड वर काढून तरंगू लागतात, सकाळी लोक पाट्या घेऊन ते गोळा करतात, दुपारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक कॅनमध्ये नमुने भरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘मळीमिश्रित पाणी’ हे दोन शब्द छापून येतात. वर्षानुवर्षे तेच दोन शब्द.

आता गंमत अशी की हीच डिस्टिलरी सरकारी दफ्तरात स्वच्छ तंत्रज्ञानही आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमासाठी २०१८ पासून नव्या आसवन्यांना व्याजात सूट मिळाली. चिपाडावरच्या सहवीजनिर्मितीला त्याआधीपासून प्रोत्साहन होते. म्हणजे एकाच कुंपणाच्या आत, एकाच संचालक मंडळाच्या हाताखाली, एक पाइप हरित इंधन देतो आणि दुसरा नदी मारतो. पहिल्याला अनुदान आहे आणि दुसऱ्याला फार तर नोटीस. स्वच्छ आणि मलिन असे दोन वेगळे उद्योग आहेत, एक वाढला की दुसरा हटेल, हे प्रचलित मताचे मूळ गृहीतकच इथे कोलमडते. सौर पंपांनी पाणी स्वस्त होणार, पाण्याने ऊस वाढणार, उसाने इथेनॉल वाढणार आणि प्रत्येक पायरीवर हरिततेचे प्रमाणपत्र मिळणार. शेवटची पायरी कृष्णेत उतरते.

असे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. जतएवढ्याच मॉरिशसकडे पाहा. कोकणातून एकोणिसाव्या शतकात गिरमिट करून गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पणज्यांनी जो ऊस तोडला त्याचीच ही कथा आहे. चिपाडापासून वीज करण्यात हे बेट जगाच्या पुढे होते आणि त्याचे फार कौतुकही झाले. पण गाळपाचा हंगाम सहाच महिने चालतो, आणि वीज मंडळाशी करार मात्र बारमाही विजेचा. उरलेल्या सहा महिन्यांत त्याच बॉयलरमध्ये बाहेरून आणलेला कोळसा जाऊ लागला. बेल व्ह्यूचे केंद्र २००० साली, सव्हानाचे २००७ साली. दोन्ही साखर कारखान्यांना लागून, दोन्ही चिपाड-कोळशाची. चिपाडाच्या नावाने कोळसा बेटावर स्थिरावला आणि पुढच्या दशकात देशाच्या विजेतला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा त्याचाच झाला. स्वच्छ तंत्रज्ञानाला आधार मिळाला होता, तंत्रज्ञान उत्तम चालत होते, आणि कोळसा आपोआप गेला नाही, आपोआप आला.

मॉरिशसची दुसरी बाजू मात्र शिकण्यासारखी आहे. युरोपीय संघाने २००६ पासून साखरेचा हमीदर चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा तिथे कारखाने एकत्र करून मोजकेच ठेवण्यात आले. कामावरून कमी होणाऱ्यांना स्वेच्छानिवृत्तीत रोख रकमेबरोबर घरापुरता जमिनीचा तुकडा दिला गेला. बेटावरच्या मजुराच्या दृष्टीने जमीन म्हणजे काय, हे ज्याने गिरमिटाचा इतिहास वाचला आहे त्याला समजेल. कोळशाला मात्र कोणी तारीख लावली नव्हती. ती २०२१ च्या अर्थसंकल्पात लागली: २०३० च्या आत कोळसा संपवायचा. आणि त्याच अर्थसंकल्पात ऊस पिकवणाऱ्याला त्याच्या चिपाडाचा रास्त मोबदला देण्याची तरतूद आली. इतकी वर्षे जो दर मागूनही मिळत नव्हता, तो कोळशाला तारीख लागली त्याच वर्षी मिळाला. तारीख पाळली जाईल की नाही हा पुढचा प्रश्न. पण पैशाची वाट तारखेने बदलली.

म्हणून माझा पक्ष असा: मदत आणि बंदी या एकापाठोपाठ एक घ्यायच्या दोन पायऱ्या नव्हेत. ते एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत आणि ते एकाच कागदावर, एकाच सहीखाली असले पाहिजेत. छोट्या राष्ट्राला तर हे अधिकच लागू आहे. मोठ्या देशाला जुने आणि नवे दोन्ही काही काळ पोसता येते. छोट्याची तिजोरी एक, नदी एक आणि बहुतेक वेळा मालकही तेच ते. नव्याला दिलेली सवलत जुन्याच्या खिशात जायला तिथे फार चालावे लागत नाही.

नुसती बंदी हा उपाय आहे असे मात्र मी म्हणत नाही. परळीचे औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले, तेव्हा ना नियोजन होते ना कंत्राटी कामगाराची तजवीज. अशा बंदने हवा चार दिवस निवळते आणि लोक कायमचे विरोधात जातात.

नीट केलेली बंदी कशी असते ते पाहायचे तर नेदरलँड्समधला लिंबुर्ख प्रांत पाहावा. १९५९ मध्ये स्लोख्तरेनला प्रचंड वायूसाठा सापडला. वायू आला, आता कोळसा आपसूक जाईल, असे म्हणून हात बांधून बसता आले असते. त्याऐवजी आर्थिक व्यवहार मंत्री योप डेन आउल यांनी डिसेंबर १९६५ मध्ये खाणींच्याच गावात, हेर्लेनच्या नाट्यगृहात उभे राहून खाणी बंद होणार हे तोंडावर सांगितले, आणि पर्यायी रोजगाराशिवाय बंद नाही, हेही सांगितले. डाफचा मोटार कारखाना बोर्नला आला, सरकारी कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी आणि सांख्यिकी कार्यालयाचा मोठा भाग हेर्लेनला हलवला गेला. १९७४ अखेर शेवटची खाण बंद झाली. सगळे गोड झाले असे नाही. पुढची दोन दशके हेर्लेनने बेकारी आणि नशेचा विळखा सोसला, कारण कारकुनी नोकऱ्या खाणकामगाराला जमतातच असे नाही. पण कोळसा गेला तो गेलाच.

आणि हे श्रीमंतांनाच परवडते म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच देशातले उदाहरण आहे. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या २९२ उद्योगांबाबत निकाल दिला. त्यात कोळसा थांबवण्याची तारीख होती, गेलकडून नैसर्गिक वायू मिळण्याची वाट होती, स्थलांतर करणाऱ्या उद्योगातल्या कामगाराला एक वर्षाचा पगार बोनस म्हणून होता आणि कायमचा बंद होणाऱ्या उद्योगातल्या कामगाराला कायदेशीर भरपाईशिवाय सहा वर्षांचे वेतन होते. अंमलबजावणीत कुचराई झाली, पण चौकट पूर्ण होती. जे सरकारने धोरण म्हणून करायचे ते न्यायालयाला निकाल म्हणून करावे लागले, एवढाच त्यातला उणेपणा.

आता जतकडे परत. या तालुक्यातून दर हंगामात कोयते घेऊन माणसे कृष्णाकाठच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, पाचटाच्या कोपीत वाढणारी मुले. उसाचा विस्तार रोखायचा म्हटले की पहिला फटका त्यांना, हे कोणी विसरू नये. पण त्यांच्यासाठी पैसा उभा करण्याची रीत महाराष्ट्राला ठाऊक नाही असेही नाही: ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, हे तत्त्व मान्य झालेले आहे. त्याच धर्तीवर इथेनॉलच्या लिटरमागे काही पैसे सांडपाण्याच्या आणि मजुरांच्या पुनर्वसनाच्या निधीत का जाऊ नयेत? सौर पंपांच्या पाण्यावर ऊस घ्यायचा असेल तर तो ठिबकवरच, आणि ज्वारी, डाळिंब, चारा घेणाऱ्याला त्या १९ टक्क्यांतही सूट, अशी अट योजनेच्या कागदात का असू नये? राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाख मिळतात. गायरानावर मेंढ्या चारणाऱ्या धनगराचे नाव मात्र त्या कागदावर नाही. तेही घालता येईल. शाईच लागते.

सौर प्रकल्पासाठी, विस्तारित म्हैसाळसाठी, उद्या एखाद्या नव्या आसवनीसाठी ग्रामसभेचा ठराव मागायला अधिकारी येतील. जतच्या गावांनी ठराव द्यावा, पण कोरा देऊ नये. त्या प्रकल्पामुळे नेमके कोणते प्रदूषण, कोणत्या वर्षापर्यंत, कोणाच्या जबाबदारीवर थांबणार, आणि त्यात ज्याचे काम जाईल त्याला किती वर्षांची मजुरी कोण देणार, हे आदेशात लिहून आणा, असे सांगून कागद परत पाठवावा.